परक्याच्या वखारीतील साठा

(येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत नुकत्याच झालेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात शंका आली असेल. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या वर्गणीदारांनी साठवून ठेवलेल्या कार्यक्रमांची जागा कंपन्यांनी कमी केली आणि ते वर्गणीदार रागावले, यात आपल्याला काय? ज्यांना पोटापाण्याची ददात नाही, त्यांचे हे चोचले आहेत, असेही कोणी म्हणेल. माझेही प्रथमदर्शनी हेच मत होते. ते कसे पालटले, ते सांगण्यासाठी एका घरगुती गोष्टीने आरंभ करतो. त्याबद्दल क्षमा असावी.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली कित्येक वर्षे न्यू जर्सीत राहते. दाजींना क्रिकेटचे विलक्षण वेड. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेन येथे भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील कसोटीचा अखेरचा दिवस चालू होता. आपल्याकडे ती 19 तारखेची पहाट. तिकडे अमेरिकेत 18 तारखेची संध्याकाळ. चहापानापर्यंत दाजींनी सामना पाहिला. प्रकृती बरी नव्हती. उरलेला खेळ मुद्रित होतच होता. ते अक्काला म्हणाले, ‘मी पडतो. सकाळी पुढचं बघेन. निकाल मात्र मला कुणी सांगू नका.’ पहाटे त्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि तेथून ते परत आले नाहीत.

भारताने तो सामना तीन गडी राखून जिंकला, हे आपण सर्व जाणतोच. दाजींना ते कळले की नाही, हे अक्कालाही ठाऊक नाही. पुढे घरातील दूरचित्रवाणीवर साठवलेल्या कार्यक्रमांची यादी उघडली, की त्या सामन्याच्या नावापुढे एक लहानशी रेघ दिसे. पाहणाऱ्याने कोठपर्यंत पाहिले, हे दाखवणारी ती खूण. अक्काने तो सामना पुढे कधी लावला नाही आणि कोणाला पुसूही दिला नाही. दोन वर्षांनी कंपनीचे एक पत्र आले. दोनशे तासांची जागा आता पन्नास तासांची होईल. अधिक हवी असल्यास अधिक वर्गणी भरावी. अन्यथा सर्वांत जुने मुद्रण आधी काढून टाकले जाईल. पत्र इंग्रजी जाहिरातीच्या थाटाचे होते, ‘आपली सेवा अधिक सुटसुटीत करीत आहोत’ असा त्याचा मथळा. अक्काने ते जाहिरात समजून बाजूला ठेवले. महिन्याभराने यादी उघडली, तेव्हा तो सामना नव्हता.

भाच्याने तिची समजूत घातली, की हा सामना कोठेही पाहावयास मिळेल. अक्का मला दूरध्वनीवर म्हणाली, ‘अरे, सामना मिळेल रे. ती रेघ कुठं मिळणार?’

बंधूंनो, त्या दिवसापासून मी या प्रश्नाकडे चोचला म्हणून पाहणे सोडून दिले. त्या कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. तो एका नव्या व्यवस्थेचा आहे, आणि ती व्यवस्था आज ना उद्या आपल्या प्रत्येकाच्या घरात शिरणार आहे. किंबहुना शिरलीच आहे.

ही व्यवस्था कशी उभी राहिली, ते थोडक्यात पाहू. दूरचित्रवाणीचा मूळ स्वभाव असा, की ज्याची वेळ चुकली त्याची चुकली. 1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका लागे, तेव्हा आपल्याकडील रस्ते ओस पडत, ते आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना स्मरत असेल. एक भाग हुकला, की आठवडाभर शेजाऱ्याच्या तोंडून ऐकण्यावाचून गत्यंतर नसे. या जुलमातून प्रेक्षकाची सुटका केली ती घरगुती मुद्रणयंत्राने. सोनी कंपनीने 1975 साली ‘बेटामॅक्स’ नावाचे यंत्र बाजारात आणले. अमेरिकेतील चित्रपटनिर्मात्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. घरी बसून कार्यक्रम मुद्रित करणे म्हणजे आमच्या मालकीवर घाला, असा त्यांचा दावा. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1984 साली पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला, की एखादा कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरी मुद्रित करून ठेवणे हा न्याय्य वापर आहे. एका मताने पारडे झुकले आणि कोट्यवधी प्रेक्षकांना आपल्या वेळेचे स्वामित्व मिळाले.

त्यानंतर फिती गेल्या. 1999 साली ‘टिवो’ आणि ‘रिप्ले टीव्ही’ ही यंत्रे आली, त्यांत फितीऐवजी हार्ड डिस्क होती. येथवर एक गोष्ट कायम होती: साठा घरात होता. डिस्क भरली, की काय ठेवायचे आणि काय पुसायचे, हे घरधनी ठरवीत असे. जागा अपुरी पडे, पण ती आपोआप आकुंचन पावत नसे. पावशेर कमी मावणारी का होईना, ती घरची कणगी होती.

पुढचे पाऊल मात्र घराबाहेर पडले. न्यूयॉर्क परिसरातील केबलव्हिजन या कंपनीने 2006 साली योजना जाहीर केली, की ग्राहकाच्या घरी डिस्क ठेवण्याऐवजी ती कंपनीच्या इमारतीत ठेवावी आणि ग्राहकाने घरून कळ दाबून मुद्रण करावे. पुन्हा खटला उभा राहिला. खालच्या न्यायालयात कंपनी हरली. 2008 साली अपील न्यायालयात जिंकली. आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हात घालण्यास नकार दिला. या निकालात एक मेख आहे, ती ध्यानात घेतल्याशिवाय आजच्या तक्रारीचे मूळ समजणार नाही. कंपनी जिंकली ती बव्हंशी याच कारणाने, की प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत साठवली जात होती. एकाच कार्यक्रमाची हजार ग्राहकांनी मागणी केली, तर एक प्रत ठेवून ती हजारांना दाखवावी, हे व्यवहाराला सोपे. परंतु कायद्याला ते सार्वजनिक प्रयोगासारखे दिसण्याची भीती. म्हणून हजार जणांसाठी तोच कार्यक्रम हजार वेळा साठवायचा. एकाच पुस्तकाच्या हजार प्रती आपल्या वाचनालयाने हजार कपाटांत ठेवाव्यात, तसा हा प्रकार.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली ही, की ज्याला सर्वजण ‘क्लाउड’ म्हणतात, तो ढग आकाशात नसतो. तो जमिनीवरच्या प्रचंड इमारतींत असतो; तेथे डिस्कांच्या रांगा असतात, त्यांना अहोरात्र वीज लागते, त्या तापू नयेत म्हणून थंडावा लागतो, आणि बिघडलेल्या डिस्का बदलाव्या लागतात. दुसरी ही, की ही साठवण कंपनीला फुकट पडत नाही. तेव्हा जागेला मर्यादा घालणे हे मूलतः पाप आहे, असे मी म्हणणार नाही. विरुद्ध पक्षाचे म्हणणे न्यायाने ऐकावे, ही आपली रीत आहे. काही ग्राहक मर्यादा ओलांडतात, हेही खरे. शिवाय 1984 च्या निकालाने उचलून धरले ते सवडीने पाहण्यासाठी केलेले मुद्रण. पिढ्यान् पिढ्या जपण्याच्या खासगी संग्रहाला त्याने तशी नि:संदिग्ध मान्यता दिली नव्हती. कंपन्यांचे वकील हे विसरत नाहीत. आपणही विसरू नये.

मग अन्याय कोठे आहे? अन्याय मर्यादेत नाही, तो वचनभंगात आहे. याचे एक गाजलेले उदाहरण देतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ऑक्टोबर 2014 मध्ये आपल्या ‘वनड्राइव्ह’ या साठवणीत पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांना अमर्याद जागा देऊ केली. वर्षभरातच, नोव्हेंबर 2015 मध्ये, ते वचन तिने मागे घेतले. कारण काय दिले? थोड्या ग्राहकांनी अनेक संगणकांचा साठा, चित्रपटांचे सगळे संग्रह आणि दूरचित्रवाणीवरून केलेली मुद्रणे तेथे नेऊन ठेवली. काहींचा साठा 75 टेराबाइटांवर गेला, म्हणजे सरासरी ग्राहकाच्या 14,000 पट. बरे, हे खरे धरू. परंतु ‘अमर्याद’ हा शब्द कोणी वापरला होता? ग्राहकाने नव्हे. जेवणावळीत ‘हवे तितके वाढा’ असे यजमानाने म्हणायचे आणि एका खादाड पाहुण्याकडे बोट दाखवून सगळ्या पंगतीची पाने उचलायची, हा कोणता न्याय? त्याच घोषणेत फुकट जागा घेणाऱ्यांचे 15 गिगाबाइट कमी करून 5 करण्यात आले. त्यांनी तर अमर्याद काही मागितलेच नव्हते.

यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. लोकांनी तक्रार केली. एकेकट्याने नव्हे, सहस्रावधी ग्राहकांनी एकत्र, आणि एकच मुद्दा धरून. परिणामी डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने क्षमा मागितली आणि जे ग्राहक जानेवारी 2016 अखेर तसे कळवतील त्यांचे 15 गिगाबाइट कायम ठेवले. अमर्याद जागा परत आली नाही. पण ज्यांनी मुदतीत मागितले त्यांचे मूळचे राहिले, आणि ज्यांनी मागितले नाही त्यांचे गेले. तक्रार करणे म्हणजे किरकिर करणे नव्हे. ती वेळेत, नेमकी आणि संघटितपणे केली, तर बलाढ्य कंपनीलाही पाऊल मागे घ्यावे लागते, एवढा बोध यातून पुरेसा आहे.

याच्या उलट दुसरे उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या खिशातील आहे. गुगलने छायाचित्रांसाठी दिलेली मोफत अमर्याद जागा 1 जून 2021 पासून बंद केली आणि नव्या छायाचित्रांची गणना 15 गिगाबाइटांत होऊ लागली. ग्राहक नाराज झाले, आणि ते साहजिकच होते. तथापि या निर्णयात दोन गोष्टी न्यायाच्या होत्या. त्याची घोषणा सहा महिन्यांहून अधिक काळ आधी, नोव्हेंबर 2020 मध्ये झाली; आणि त्या तारखेपूर्वी मोफत योजनेत ठेवलेली छायाचित्रे हिशेबात धरली गेली नाहीत. नवा नियम पुढच्यासाठी, मागच्यासाठी नव्हे. भाडे वाढवायचे तर पुढच्या महिन्यापासून वाढवावे. मागच्या वर्षाचा फरक मागू नये, हे कोणत्याही घरमालकाला समजते. दूरचित्रवाणीच्या कंपन्यांना ते का समजू नये?

दूरचित्रवाणीच्या साठ्यात तर आणखी एक धोका आहे. तेथे मालक एक नसतो, दोन असतात: साठा ठेवणारी कंपनी आणि कार्यक्रम दाखवणारी वाहिनी. यूट्यूब टीव्ही या सेवेने अमर्याद जागा दिली, परंतु प्रत्येक मुद्रणाची मुदत नऊ महिन्यांची. डिसेंबर 2021 मध्ये डिस्नी कंपनीशी तिचा करार फिसकटला, तेव्हा त्या कंपनीच्या वाहिन्या गेल्याच, पण त्या वाहिन्यांवरून ग्राहकांनी आधीच साठवलेले कार्यक्रमही दिसेनासे झाले. दोन दिवसांत समेट झाला आणि साठाही परत आला. पण त्या दोन दिवसांत ग्राहकाला आपली खरी पायरी कळली. सोनीची ‘प्लेस्टेशन व्ह्यू’ ही सेवा 30 जानेवारी 2020 रोजी बंद पडली, तेव्हा तर समेटाला कोणी उरलेच नाही. सेवेबरोबर तिच्यातील मुद्रणेही गेली. गंमत पाहा: घरी मुद्रण करण्याचा हक्क 1984 साली जिने न्यायालयात मिळवून दिला, तीच ही सोनी.

मित्रहो, आपण या वर्तमानपत्राचे वर्गणीदार आहात. उद्या वर्गणी थांबवली, तर संपादकांचा माणूस येऊन आपल्या ट्रंकेतील जुने अंक उचलून नेईल काय? आपण कापून ठेवलेली कात्रणे, मुलाच्या परीक्षेच्या निकालाचे पान, वडिलांच्या निधनाची वार्ता, हे सर्व ‘सर्वांत जुने आधी’ या न्यायाने तो नेऊ लागला, तर आपण त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही. कागदाच्या वर्गणीत वस्तू आपली होते. ढगातल्या वर्गणीत केवळ परवानगी मिळते. या परवानगीलाच मालकी समजणे, ही आपली चूक. आणि ती मालकीच आहे असे भासवणे, ही त्यांची लबाडी.

आपल्या या भागात वखारीचा व्यवहार कोणाला समजावून सांगावयास नको. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आपण पाहिल्या आहेत. परक्याच्या वखारीत माल ठेवताना शहाणा शेतकरी पावती घेतो. किती माल, किती दिवसांसाठी, भाडे किती, आणि माल केव्हा परत नेता येईल, हे त्या पावतीवर असते. ढगाच्या वखारीत कळ दाबून आपण आयुष्याचा माल ठेवतो आणि पावती वाचीत नाही. कारण ती पन्नास पानांची असते, आणि तिच्या पोटात कोठेतरी एक वाक्य असते, की या अटी आम्ही हव्या तेव्हा बदलू.

म्हणून ग्राहकाने काय मागावे, ते चार कलमांत सांगतो. पहिले, जागा कमी करायची तर स्पष्ट शब्दांत आणि पुरेशा मुदतीची सूचना द्यावी. जाहिरातीच्या वेषात नव्हे. दुसरे, नवा नियम नव्या साठ्याला लावावा. जुना साठा ज्या अटीवर ठेवला त्या अटीवर राहू द्यावा. तिसरे, काही पुसणे अटळच असेल, तर काय पुसायचे हे ग्राहकाला ठरवू द्यावे. ‘सर्वांत जुने आधी’ हा नियम यंत्राला सोयीचा असेल, पण माणसाला सर्वांत जुने तेच अनेकदा सर्वांत मोलाचे असते. चौथे, सेवा घटली तर त्या प्रमाणात वर्गणी घटावी, किंवा दंडावाचून सेवा सोडण्याची मुभा असावी. यात दान मागितलेले नाही. कोणत्याही वाण्याच्या दुकानात जे चालते तेवढेच मागितले आहे.

आणि ग्राहकाने स्वतः काय करावे? जे जपायचे आहे, ते एकाच ठिकाणी ठेवू नये. छायाचित्रे, पत्रे, आवाज, जे जे आपले स्वतःचे आहे, त्याची एक प्रत घरच्या डिस्कवर असावी. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हे कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. कंपनीने घातलेले सांकेतिक कुलूप फोडणे अमेरिकेच्या 1998 च्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून ढगातले मुद्रण उचलून घरी आणता येत नाही. तरीही तेथे साध्या अँटेनावरून येणारे कार्यक्रम घरच्या यंत्रात मुद्रित करण्याची सोय अद्याप आहे, आणि जागा कमी झाल्याने चिडलेले पुष्कळ लोक तिकडे वळले आहेत.

शेवटी, ज्यांना हा सारा व्यापार क्षुल्लक वाटतो त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून थांबतो. ब्रिटनच्या बीबीसीने 1960 नंतरच्या काळात आपल्याच कार्यक्रमांच्या कित्येक फिती जागा आणि पैसा वाचवण्यासाठी पुसल्या. ‘डॉक्टर हू’ या प्रसिद्ध मालिकेचे अनेक भाग असे नाहीसे झाले. चित्र गेले, परंतु त्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी बसून दूरचित्रवाणीसमोर ध्वनिमुद्रक ठेवला होता. संस्थेने जे टाकले, ते घरांनी राखले. दुसरी गोष्ट फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंची. व्यवसायाने एके काळी ग्रंथपाल असलेल्या या बाईंनी 1979 पासून 2012 साली मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरील बातम्या रात्रंदिवस मुद्रित केल्या. सुमारे 70,000 फिती जमल्या. शेजाऱ्यांना ते वेड वाटले असेल. आज तो संग्रह इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहे. बाईंच्या फिती ढगात असत्या, तर एका पत्राने त्यांतील जुन्यात जुन्या आधी गेल्या असत्या.

गेल्या महिन्यात अक्काशी बोलणे झाले. भाच्याने तिला त्या सामन्याचा अखेरचा भाग दुसरीकडून मिळवून दिला होता. मी विचारले, ‘पाहिलास का?’ ती म्हणाली, ‘चहापानापासून लावला. त्यांच्या खुर्चीशेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला. निकाल मीच सांगितला त्यांना.’

बंधुभगिनींनो, कंपनीच्या हिशेबी ते काही तासांचे जुने मुद्रण होते. हिशेब चूक नव्हता. केवळ अपुरा होता. तो पुरा करून देण्यासाठी ग्राहकाला बोलावे लागते, आणि ते जागा जाण्याच्या आधी बोलावे लागते. घरी जाऊन आज एवढेच करा: आपला कोणता माल कोणाच्या वखारीत आहे ते पाहा, आणि पावती वाचा.